डिव्हिजन वनमध्ये असिस्टंट राहू, की डिव्हिजन थ्रीची हेड कोच होऊ?

पत्र थोडक्यात

पत्रलेखिका २८ वर्षांच्या आहेत. बाराव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आल्या, हायस्कूलमध्ये पोहायला लागल्या आणि पुढे कॉलेजच्या टीममध्ये चार वर्षं बटरफ्लाय पोहल्या. एका लहान कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून काम करत त्यांनी मास्टर्स केलं. गेली चार वर्षं त्या डिव्हिजन वनमधल्या एका मध्यम विद्यापीठात असिस्टंट कोच आहेत. (अमेरिकेत एनसीएए ही संघटना कॉलेजांचे खेळ तीन डिव्हिजनमध्ये चालवते; वन सगळ्यात वरची, थ्री सगळ्यात खालची.) पगार वर्षाला ४६ हजार डॉलर. आता डिव्हिजन थ्रीच्या एका कॉलेजनं त्यांना मुलगे आणि मुली अशा दोन्ही टीमची हेड कोच म्हणून जागा देऊ केली आहे. पगार ५६ हजार, पण तलावाची सगळी व्यवस्थाही त्यांच्याच गळ्यात.

सध्याचे हेड कोच म्हणतात, "एकदा खाली उतरलीस की परत वर येता येत नाही." आईबाबा म्हणतात, "सहा वर्षं हौस झाली, आता डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स कर आणि नीट नोकरीला लाग." मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलंच तर आई "ती युनिव्हर्सिटीत असते" एवढ्यावर विषय मिटवते. तिशीपर्यंत डिव्हिजन वनची हेड कोच व्हायचं असं यांनी ठरवलं होतं, ते आता होत नाही हे दिसतंय. "मी मागे पडले का? ही जागा घेतली तर हार मानल्यासारखं होईल का?" असं त्या विचारतात. उत्तर द्यायला दहा दिवस आहेत.

उत्तर

आधी तिशीचा हट्ट बाजूला ठेवू या, कारण तुमचं निम्मं दुःख तिथूनच आलेलं दिसतंय. हा आकडा कुठून आला ते तुम्ही लिहिलेलं नाही. बरोबरच्या मैत्रिणी तिशीत मॅनेजर झाल्या म्हणून आला असेल, तर तो हिशेब या पेशाला लागूच होत नाही. कंपनी वाढली की पदं वाढतात. इथे खुर्च्या मोजक्या आणि बसलेला माणूस सहसा उठत नाही. एडी रीस १९७८ मध्ये टेक्सस विद्यापीठात पोहण्याचे हेड कोच म्हणून आले आणि २०२४ मध्ये निवृत्त झाले. त्या काळात त्यांनी पुरुष संघाला १५ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. म्हणजे एका मोठ्या विद्यापीठातली ती जागा चार दशकांहून जास्त काळ दुसऱ्या कुणासाठी नव्हतीच.

अँथनी नेस्टी तुम्हाला माहीत आहेतच. इतर वाचकांसाठी सांगते. सुरिनामसारख्या छोट्या देशाचे नेस्टी १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकले. फ्लोरिडा विद्यापीठाकडून पोहले आणि नंतर तिथेच जवळपास वीस वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली कोच राहिले. हेड कोच झाले २०१८ मध्ये, वयाच्या पन्नाशीत. सहा वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकेच्या पुरुष संघाचे हेड कोच तेच होते. तुम्हाला आणखी वीस वर्षं थांबा असं मी सांगत नाही. तो मार्ग सगळ्यांना परवडत नाही आणि तसं थांबलेले सगळेच नेस्टी होत नाहीत. पण २८ व्या वर्षी 'मागे पडले' म्हणायला आधार काय, एवढंच विचारते.

आता तुमच्या हेड कोचचं म्हणणं. त्यांना मी खोटं पाडणार नाही. डिव्हिजन थ्रीतून उठून एखाद्या बलाढ्य विद्यापीठाची हेड कोच होणं क्वचितच घडतं. पण तुम्ही गेलात तर चार वर्षं तयार झालेला माणूस त्यांच्या हातून जातो आणि हंगामाच्या तोंडावर नवा शोधावा लागतो, हेही खरं. सल्ला देणाऱ्याची सोय सल्ल्यात नकळत मिसळतेच. त्यात वाईट हेतू असतो असं नाही, पण तेवढं वजा करून ऐकावं.

शिवाय हेड कोचच्या मुलाखतीत काय विचारतात ते बघा. बजेट कमी झालं तेव्हा काय कापलंस? टीममध्ये दोन तट पडले तेव्हा काय केलंस? सलग दोन वर्षं भरती, म्हणजे टीमसाठी नवे खेळाडू आणणं, फसली तर कशी सावरलीस? या प्रश्नांवर असिस्टंट "आमच्या कोचनी असं केलं" म्हणते, आणि टीम चालवलेला माणूस "मी असं केलं" म्हणतो. रीस यांच्या जागी टेक्ससनं बॉब बोमन यांना आणलं. बोमन तोवर ज्याचे हेड कोच होते त्या अॅरिझोना स्टेटनं त्याच वर्षी, २०२४ मध्ये, पुरुषांचं विजेतेपद जिंकलं होतं. उदाहरण फार वरचं आहे, मान्य. पण डिव्हिजन वनमधली मध्यम विद्यापीठंही हेड कोच निवडताना हेच बघतात. हे एकच दार आहे असंही नाही. टॉड डिसॉर्बो एनसी स्टेटमधल्या असोसिएट हेड कोचच्या जागेवरून २०१७ मध्ये थेट व्हर्जिनियाचे हेड कोच झाले आणि त्यांच्या महिला संघानं २०२१ ते २०२५ अशी सलग पाच विजेतेपदं मिळवली. फक्त एनसी स्टेट तेव्हा झपाट्यानं वर येत होतं, हे विसरू नका. असिस्टंट म्हणून थांबायचं तर ती टीम वर जाणारी हवी. तुमची टीम कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत स्पर्धा करणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, गेली चार वर्षं कितव्या क्रमांकावर आहे, हे पत्रात नाही. मला ते वाचायला आवडलं असतं.

तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त जागा कशाला मिळाली आहे, सांगू? पदाबद्दल चार ओळी, पगाराबद्दल दोन. आणि एका फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, मुलीबद्दल जवळजवळ सव्वा पान. भिंतीला पाय लावून निघाली की दोन किकनंतर श्वासासाठी वर यायची तिची सवय, तिच्याशेजारी डेकवर, म्हणजे तलावाच्या काठावर, वाकून चालत तुम्ही मोठ्यानं मोजलेल्या किका, ऑक्टोबरात चार, जानेवारीत सहा, आणि कॉन्फरन्स मीटमध्ये, म्हणजे त्या गटाच्या स्पर्धेत, शेवटच्या भिंतीवरही सहा. ज्यांना यात विशेष काय असं वाटेल त्यांच्यासाठी: अमेरिकेत कॉलेजच्या शर्यती २५ यार्डांच्या तलावात होतात. २०० यार्डांत सात टर्न येतात. ऑलिंपिकच्या ५० मीटरच्या तलावात तेच २०० मीटरला तीन. प्रत्येक भिंतीनंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहण्याची मुभा असते. म्हणून कॉलेजचं बटरफ्लाय बरंचसं पाण्याखालीच जिंकलं किंवा हरलं जातं.

तेव्हा माझा तुम्हाला प्रश्न असा: कुठल्या नोकरीत तुम्हाला त्या मुलीशेजारी डेकवर जास्त वेळ चालता येईल? डिव्हिजन कोणती, हे मी त्यानंतर विचारीन.

याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. डिव्हिजन वनमधला असिस्टंट बऱ्याचदा अर्धा भरती अधिकारी असतो. डेकवर सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन. उरलेला दिवस सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मेसेज, त्यांच्या वेळांचे तक्ते, कॅम्पस भेटींची आखणी, मीटच्या एंट्री, बस आणि हॉटेलच्या खोल्यांच्या याद्या. एनसीएएनं खेळाडूंच्या सरावाला हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा घातली आहे, कोचच्या तासांना कसलीच नाही. कोचचं मुख्य काम शिकवणं असेल तर अमेरिकेच्या कामगार कायद्यात ओव्हरटाइमही बसत नाही.

डिव्हिजन थ्रीची हेड कोच झालात तर हे सगळं जात नाही, उलट वाढतं. क्लोरीनचा पंप पहाटे पाचला बंद पडला तर फोन तुम्हाला. डायव्हिंगचा कोच सोडून गेला तर जाहिरात तुम्ही द्यायची. आणि भरतीचं स्वरूपच वेगळं. या डिव्हिजनमध्ये खेळाची स्कॉलरशिप देता येत नाही, आणि कुणाला किती आर्थिक मदत मिळावी यात कोचनं बोट घालायचं नाही. मुलाला आणायचं तर अभ्यासक्रम, प्राध्यापक, टीममधलं वातावरण आणि तुमचं तोंड, एवढंच हातात. लहान खासगी कॉलेजांचा डोलारा फीवर उभा असतो, त्यामुळे पोहायला येणारा प्रत्येक मुलगा हा फी भरणारा एक विद्यार्थीही असतो. काही ठिकाणी कोचला 'दर वर्षी इतके आणा' असा आकडाच दिला जातो. त्या आकड्यात तुमचा दिवस किती जाईल, हे आधी कळलं पाहिजे.

पण दुसरी बाजूही आहे. तिथे सकाळचा सेट, म्हणजे सरावाचा आराखडा, तुम्ही लिहिणार. बटरफ्लायवाल्यांना किती भिंती द्यायच्या, टेपर (मोठ्या मीटआधी सराव हळूहळू कमी करणं) कधी सुरू करायचा, हे कुणाला विचारावं लागणार नाही. आणि थ्री म्हणजे दुय्यम, असं मानणाऱ्यांनी ओहायोतल्या केनियन कॉलेजकडे बघावं. १९८० ते २०१० या काळात तिथल्या पुरुष संघानं डिव्हिजन थ्रीची सलग ३१ विजेतेपदं जिंकली, खेळाची एकही स्कॉलरशिप न देता. कोच जिम स्टीन यांच्या नावावर पुरुष आणि महिला मिळून ५० विजेतेपदं आहेत. ही माणसं कुठे पोचायची राहिली, असं पोहण्यातलं कुणी म्हणत नाही. अर्थात प्रत्येक थ्री म्हणजे केनियन नव्हे, आणि तुम्हाला मिळालेलं कॉलेज तसं आहे असं तुमच्या पत्रावरून वाटतही नाही.

आता सुरक्षिततेचा मुद्दा, कारण "डिव्हिजन वन म्हणजे पक्की नोकरी" हे तुम्ही धरून चालला आहात. तसं राहिलेलं नाही. २०२० मध्ये आयोवा आणि मिशिगन स्टेट या बिग टेन नावाच्या मोठ्या कॉन्फरन्समधल्या विद्यापीठांनी पोहण्याच्या टीम बंद करायचं जाहीर केलं. आयोवातली महिलांची टीम कोर्टकज्ज्यानंतर वाचली, पुरुषांची गेली. मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठानं तेच केलं. जून २०२५ मध्ये न्यायालयानं मान्य केलेल्या हाउस समझोत्यानंतर (खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यातली तडजोड) विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे दोन कोटी डॉलरहून थोडी जास्त. त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, आणि ज्या खेळातून उत्पन्न नाही त्याचं बजेट चर्चेला येतं. समझोत्यात सामील झालेल्या विद्यापीठांत पोहणं आणि डायव्हिंग मिळून ३० जणांचीच टीम ठेवता येते. शिवाय असिस्टंटची नोकरी हेड कोचला बांधलेली असते. ते गेले की नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो. तुमचे कोच किती वर्षं राहणार आहेत, हे त्यांना स्पष्ट विचारलंत का?

डिव्हिजन थ्रीत टीम बंद होण्यापेक्षा आख्खं कॉलेज बंद होण्याची भीती मोठी. २०२४ मध्ये बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज बंद झालं, तेही याच डिव्हिजनमधलं. म्हणून अॅथलेटिक डायरेक्टरशी, म्हणजे कॉलेजच्या खेळ विभागाच्या प्रमुखाशी, बोलताना पगाराआधी हे विचारा: गेल्या पाच वर्षांत विद्यार्थिसंख्या वाढली की घटली? पगार दहा महिन्यांचा की बारा? उन्हाळ्यात आरोग्यविमा चालू राहतो का? पूर्ण पगारी असिस्टंट आहे का, की कुणीतरी तासावर येतं? दोन्ही टीम मिळून ४० मुलं आणि तुम्ही एकट्या असाल तर ती किका मोजायची चैन विसरा. भरतीचा आकडा किती, आणि तो चुकला तर काय होतं? टीमसाठी देणग्या कोण गोळा करतं? तलाव किती जुना, त्याची शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली? आधीची व्यक्ती का गेली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डायरेक्टरकडून अर्धंच मिळतं. उरलेलं टीममधल्या सीनियर मुलींकडून. कॅम्पसवर गेलात तर त्यांच्याबरोबर अर्धा तास कोचशिवाय मागून घ्या. "भारी होतं" असं सगळ्या एकाच सुरात म्हणाल्या तर थोडं सावध व्हा.

तलावाच्या व्यवस्थेबद्दल एक सूचना. त्या कामाला किती तास आणि हाताखाली कोण, हे करारात लिहून घ्या. पूल ऑपरेटरचं प्रमाणपत्र नसेल तर त्याची फी कॉलेजनं भरावी. पाण्याचं रसायन ही हेड कोचनं रात्री उरलेल्या वेळात बघायची गोष्ट नव्हे. चुकलं तर मुलांचे डोळे आणि फुप्फुसं भोगतात.

आईबाबांच्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची नाही. मास्टर्स झालेल्या मुलीच्या पूर्णवेळ नोकरीला 'हौस' म्हणणं अन्यायाचं, हे खरं. पण ४६ हजारात भाडं, गाडी आणि कर्जाचे हप्ते भागवून काय उरतं, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही; आणि पन्नाशीत पुन्हा एखाद्या टीमवर कुऱ्हाड पडली तर काय, हाही नाही. त्यांच्याशी "मला हे आवडतं" या वाक्यानं बोलू नका, त्यानं संभाषण हौसेकडेच जातं. करार, विमा, निवृत्तीच्या खात्यात कॉलेज किती भरतं, असे कागद समोर ठेवा. आणि एकदा मीटला न्या, कॉन्फरन्सच्या शेवटच्या संध्याकाळी, ४०० फ्री रिलेच्या वेळी. मंडळात काय सांगायचं ते आईला त्यानंतर आपोआप सुचेल. नाहीच सुचलं, तर तो तिचा प्रश्न; त्यासाठी नोकरी बदलायची नसते.

डेटा अॅनालिटिक्स तुम्हाला स्वतःला आवडतं का, हे पत्रात कुठेच नाही. पेशा सोडणं ही हार नव्हे, पण निघताना कुठे जायचंय ते ठाऊक असावं. शिकवणं आवडतं आणि कॉलेजची भरती नकोशी होते, असं असेल तर यूएसए स्विमिंग या राष्ट्रीय संघटनेच्या एखाद्या मोठ्या क्लबची हेड कोच हा पर्याय आधी बघा. मुलं लहान, संध्याकाळ आणि शनिवार-रविवार गेलेले, डोक्यावर पालकांचं मंडळ. तरी डेकवरचा वेळ भरपूर. उलट लोकांशी बोलणं आणि भरती आवडत असेल, तर कॉलेजांच्या प्रवेश विभागाला तुमच्यासारखी माणसं हवीच असतात.

नुकतीच पदवी घेऊन या वाटेला लागू पाहणाऱ्या वाचकांसाठीही दोन शब्द. १ जुलै २०२३ पासून डिव्हिजन वनमध्ये एनसीएएनं बिनपगारी 'व्हॉलंटियर कोच' हा प्रकार बंद केला, त्यामुळे "आधी दोन वर्षं फुकट कर" असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नका. ग्रॅज्युएट असिस्टंटच्या जागा विशेषतः डिव्हिजन टू आणि थ्रीत मिळतात, फी माफ आणि थोडा भत्ता. कर्ज न काढता मास्टर्स होत असेल तर त्या चांगल्या. सेफस्पोर्टचं (खेळाडूंचं शोषण रोखण्याचं) प्रशिक्षण, सीपीआर आणि पार्श्वभूमी तपासणी आधीच उरकून ठेवा. जागांच्या बातम्या बऱ्याचदा ओळखीतून आधी फिरतात, म्हणून सीएससीएए या कॉलेज कोचच्या संघटनेत लवकर शिरा. मुलींनी महिला कोचसाठी असलेल्या वीकोच या संस्थेचे कार्यक्रमही बघावेत. या खेळात महिला हेड कोच अजून कमीच आहेत आणि पगाराचे आकडे एकमेकींना सांगणारं कुणीतरी लागतं.

माझं मत विचारलंत तर तीन उत्तरं बरोबर आली की जागा घ्या: विद्यार्थिसंख्या घसरणीला लागलेली नाही, एक पगारी असिस्टंट आहे, आणि तलावाचं काम करारात बांधलेलं आहे. यातलं असिस्टंटचं आलं नाही तर माझ्या मते घेऊ नका, ६६ हजार दिले तरी. मग सध्याच्याच जागी आणखी एक वर्ष रहा, पण फुकट नाही. हेड कोचना सांगा की आलेली संधी सोडते आहे, बदल्यात बटरफ्लायचा पूर्ण गट माझा, सेट माझे, आणि भरतीच्या कामातला ठरावीक भाग दुसऱ्याकडे. ते "बघू" म्हणाले तर काय समजायचं, ते तुम्हाला कळेलच.

दहा दिवसांतले पहिले चार स्वतःच्या दिवसाचा हिशेब लिहिण्यात घालवा: किती तास डेकवर, किती फोनवर, किती गाडीत, आणि कुठल्या तासाला घड्याळाकडे नजर गेली. पाचव्या दिवशी डायरेक्टरला फोन करा. कराराचा मसुदा ईमेलनं मागा, तोंडी आश्वासनावर होकार देऊ नका. मसुदा यायला उशीर झाला तर मुदत वाढवून मागायला संकोच करू नका. हेड कोच निवडायला इतके दिवस घेतलेलं कॉलेज आणखी तीन दिवस थांबू शकतं.